सेलम १६९२ : खोटं बोललात तर जगाल

पडवीतला

"अडाणी, धर्मवेडे लोक जमले आणि त्यांनी बायकांना चेटकिणी ठरवून जाळलं." सेलमबद्दल आपल्याकडे कुणाला विचारलं तर साधारण एवढंच ऐकू येतं. यातलं बरंचसं चुकीचं आहे, म्हणून हा धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

जाळलं कुणालाच नाही. सेलम ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये येतं ती अमेरिकेतली इंग्रजांची वसाहत, आणि इंग्रजी कायद्यात चेटकाला शिक्षा होती फाशी. १६९२ च्या १० जून ते २२ सप्टेंबर या काळात १९ जणांना फासावर दिलं. त्यात १४ बायका आणि ५ पुरुष. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. किमान पाच जण तुरुंगातच गेले, त्यात एक तान्हं मूल. आरोप झालेले दीडशेच्या वर.

आता 'अडाणी'बद्दल. हे प्युरिटन लोक, म्हणजे इंग्लंडमधले कडक प्रोटेस्टंट, १६३० मध्ये जथ्याने येऊन बोस्टनच्या आसपास वसले आणि १६३६ मध्ये त्यांनी हार्वर्ड काढलं. जंगल तोडून धड घरं उभी राहिली नव्हती तेव्हा कॉलेज. १६४७ मध्ये कायदा केला की पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमलाच पाहिजे. कारण कायद्यातच लिहून ठेवलंय : माणसाला बायबल वाचता येऊ नये हा सैतानाचा जुना डाव आहे. शाळासुद्धा सैतानाच्या धास्तीने!

त्यांची श्रद्धा थोडी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटतं. कोण तरणार आणि कोण नरकात जाणार हे देवाने आधीच ठरवून टाकलंय, पुण्य करून त्यात फरक पडत नाही. मग आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही हे कळणार कसं? खुणा शोधायच्या. गाय मेली, मूल आजारलं, गारा पडल्या, शेजाऱ्याचं घर जळलं, प्रत्येक गोष्टीत देव काहीतरी सांगतोय. योगायोग नावाचा प्रकारच नाही. चर्चचं पूर्ण सभासदत्व हवं तर आपल्याला देवाच्या कृपेचा अनुभव कसा आला हे मंडळींना पटवून द्यायचं, मग करारात सामील व्हायचं. आणि जसा देवाशी करार, तसाच सैतानाशीही करार करता येतो. त्याचीही वही असते, तीत सही करायची. सेलमच्या साक्षींमध्ये चेटक्यांची आख्खी उपासना आहे : पाद्रीबुवांच्याच कुरणात जमायचं, लाल भाकरी खायची, लाल पेय प्यायचं. स्वतःच्याच चर्चचं उलटं प्रतिबिंब.

सुरुवात जानेवारी १६९२ मध्ये झाली, सेलम व्हिलेजमध्ये. (सेलम शहर वेगळं, ते बंदराचं गाव. हे आतलं शेतकऱ्यांचं, आज त्याचं नाव डॅन्व्हर्स.) पाद्री सॅम्युअल पॅरिस. आधी बार्बाडोसला व्यापार करत होता, तिथे बस्तान बसलं नाही, मग धर्मोपदेशक झाला. गावाशी त्याचा पगारावरून, सरपणावरून, राहत्या घराच्या मालकीवरून वाद चाललेला, इतका की १६९१ च्या शरदात गावसमितीने त्याच्या पगारासाठी पट्टी गोळा करायचंच नाकारलं. अशा घरात नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि तिच्याहून थोडी मोठी तिची नात्यातली बहीण ॲबिगेल यांना झटके यायला लागले. अंग पिळवटायचं, किंचाळायच्या, कुणीतरी टोचतंय-चावतंय म्हणायच्या. वैद्याला काही सापडेना तेव्हा त्याने सांगितलं, हे बाहेरचं आहे.

शेजारची मेरी सिब्ली हिने देशी उपाय सुचवला. राय नावाच्या धान्याचं पीठ आणि पोरींचं मूत्र एकत्र मळून भाकर भाजायची आणि ती कुत्र्याला खायला घालायची, म्हणजे करणी करणारी कोण ते उघड होतं. पॅरिसला कळल्यावर तो चवताळला. सैतानाविरुद्ध सैतानाकडेच मदत मागायला गेलात, म्हणून भर चर्चमध्ये तिची कानउघाडणी केली. तोवर पोरींनी नावं घेतली होती : टिटुबा, पॅरिसच्या घरातली गुलाम, सारा गुड, दारोदार मागून खाणारी, आणि सारा ऑस्बर्न, आजारी आणि बऱ्याच काळात चर्चकडे न फिरकलेली. २९ फेब्रुवारीला वॉरंट निघाली.

१ मार्चला चौकशी. मॅजिस्ट्रेट हॅथॉर्नचा पहिलाच प्रश्न सारा गुडला : तुझी कुठल्या दुष्टात्म्याशी ओळख आहे? 'आहे का' नाही, 'कुठल्या'. तिने कानावर हात ठेवले. ऑस्बर्ननेही. टिटुबाने आधी नाही म्हटलं, मग मात्र तिने जे सांगितलं त्याने सगळ्यांची झोप उडाली : काळ्या कपड्यांतला उंच माणूस, पिवळा पक्षी, बोलणारी मांजरं, काठीवर बसून हवेतून जाणं, आणि ती वही. वहीत खुणा किती? नऊ. त्यातल्या दोन सारा गुड आणि सारा ऑस्बर्नच्या. बाकीच्या सात कुणाच्या?

तिथून गाडं सुटलं. मालकाने मारून मारून कबूल करायला लावलं, असं टिटुबाने पुढे सांगितल्याचं नोंदलेलं आहे. पण तिला फाशी झाली नाही. ज्यांनी 'हो, मी चेटकीण आहे' म्हटलं त्यांच्यापैकी त्या कबुलीवर टिकून राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही, आणि असे पन्नासच्या वर होते. त्यांना पुढच्या नावांसाठी राखून ठेवलं. फासावर गेले ते सगळे 'नाही' म्हणणारे. सॅम्युअल वॉर्डवेलने आधी कबूल केलं, मग मनाला टोचणी लागली म्हणून कबुली मागे घेतली. २२ सप्टेंबरला तो गेला.

माझा मुद्दा एवढाच आहे. खोटं बोलून जीव वाचत होता हे ऑगस्टपर्यंत पोराटोरांनाही कळलेलं होतं. तरी १९ माणसं खोटं बोलली नाहीत, कारण तीही प्युरिटनच होती. देवापुढे खोटी शपथ घेतली तर शरीर वाचेल आणि आत्मा जाईल, हे त्यांना न्यायाधीशांइतकंच मनापासून पटलेलं होतं. ज्या श्रद्धेने फास विणला तीच श्रद्धा त्यात मान द्यायचं बळही देत होती. धर्म वाईट की चांगला या चौकटीत हे बसत नाही, आणि म्हणूनच मला हे प्रकरण सुटत नाही.

---

वांगी भरीत

मस्त लिहिलंय. पण त्या राय धान्यावरच्या बुरशीचं काय? अर्गट की काय ते. ओलसर हवेत रायवर वाढते, खाल्ली की भास होतात, झटके येतात. लहान मुलींना विषबाधा झाली आणि लोकांनी सैतान शोधला, असं कुठेतरी वाचलं होतं. एकदम पटण्यासारखं वाटलं.

---

पडवीतला

@वांगी भरीत, १९७६ मध्ये हा सिद्धांत आला आणि त्याच वर्षी त्याची चिरफाडही झाली. एका घरातले सगळे एकाच पिठाची भाकर खातात, मग झटके फक्त पोरींनाच? शिवाय आरोपी आत आला की झटका, आरोपीने ओठ चावला की पोरींना चावल्याची वेदना, आरोपीने हात लावला की पोरगी लगेच बरी. बुरशीला कोर्टाचं कामकाज कळत होतं की काय! आणि समजा झटके विषबाधेचे होते, तरी पोरी आजारी का पडल्या एवढंच त्यातून कळतं. न्यायाधीशांनी काय खाल्लं होतं?

---

वांगी भरीत

हाहाहा. बुरशी बाद.

---

काळा कोट

वकिलाच्या नजरेतून थोडं. कोर्ट खास या खटल्यांसाठी बसवलेलं होतं. वसाहतीची जुनी राजसनद १६८४ मध्ये रद्द झाली, १६८९ मध्ये बोस्टनकरांनी राजाच्या गव्हर्नरलाच पकडून तुरुंगात टाकलं, त्यामुळे वसाहतीला धड कायदेशीर बूडच नव्हतं. नवी सनद घेऊन गव्हर्नर विल्यम फिप्स मे १६९२ मध्ये उतरला तेव्हा तुरुंग भरून वाहत होते. त्याने २७ मे रोजी विशेष न्यायालय नेमलं आणि मुख्य न्यायाधीश केलं विल्यम स्टॉटनला. स्टॉटन शिकलेला होता, पण धर्मशास्त्र! त्या बाकावर कायद्याचं रीतसर शिक्षण घेतलेला एकही माणूस नव्हता. आरोपींना वकील नाही.

खरी मेख पुराव्यात आहे. 'अमक्या बाईची छाया रात्री माझ्या छातीवर बसली' ही साक्ष ग्राह्य धरली गेली. बाई त्या वेळी घरी झोपली होती, चार साक्षीदार आहेत? असेनात, तिचं शरीर घरी होतं, छाया इकडे आली होती. अॅलिबी हा प्रकारच संपला. पाद्र्यांचं म्हणणं होतं की सैतान निष्पाप माणसाचंही रूप घेऊ शकतो, म्हणून नुसत्या छायेवर विसंबू नका. जूनमध्ये त्यांनी तसं लेखी कळवलं. मात्र त्याच पत्राच्या शेवटी 'खटले जोमाने आणि झटपट चालवा' असंही घातलं. स्टॉटनने शेवटचं तेवढं वाचलं असावं.

जाइल्स कोरीचं प्रकरणही कायद्याचंच आहे. 'दोषी की निर्दोष' याला उत्तर देऊन 'माझा न्याय या ज्यूरीने करावा' असं आरोपीने म्हटल्याशिवाय खटलाच पुढे सरकत नसे. कोरीने ते म्हणायचं नाकारलं. मग बोलेपर्यंत दगड चढवायचे. तो बोलला नाही. जमीन पोरांना राहावी म्हणून गप्प बसला असं सर्रास सांगतात, पण जमीन त्याने जुलैमध्येच तुरुंगातून जावयांच्या नावे करून दिली होती. मला वाटतं म्हातारा त्या कोर्टालाच मानत नव्हता. तीन दिवसांनी त्याची बायको मार्था फासावर गेली.

---

गोदाकाठ

मला या धाग्याचा सूर खटकतोय. 'त्यांची श्रद्धा समजून घ्या', 'त्यांनी हार्वर्ड काढलं' वगैरे. अहो, निष्पाप बायका मेल्या. कायद्याला आधार थेट बायबलचा होता. १६४१ च्या त्यांच्या कायद्यात चेटकाला देहदंड लिहिलाय आणि शेजारी बायबलचं वचन दिलंय. धर्मग्रंथ आणि दंडसंहिता एक केली की हेच होणार. यात समजून घेण्यासारखं काय आहे? याच लोकांनी नाताळ साजरा करायलाही बंदी घातली होती ना?

---

पडवीतला

@गोदाकाठ, हो, १६५९ ते १६८१. नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड. बायबलमध्ये तारीख नाही, म्हणून तो पोपचा खेळ.

बायबलचा आधार होता हे शंभर टक्के मान्य. माझा प्रश्न पुढचा आहे. तो कायदा १६४१ पासून होता. मग पन्नास वर्षं असं का झालं नाही? मधल्या काळात खटले झाले, फाशाही झाल्या : १६४८ मध्ये बोस्टनला मार्गारेट जोन्स, १६५६ मध्ये अॅन हिबिन्स, जी चांगली मोठ्या घरची विधवा होती. १६८८ मध्ये ग्लोव्हर नावाची आयरिश म्हातारी, जी कोर्टात आपल्या आयरिश भाषेतच उत्तरं देत होती आणि दुभाष्या लागत होता. पण हे सुटे सुटे. बरेचदा कोर्ट पुरावा अपुरा म्हणून सोडून द्यायचं. उलट 'चेटकीण' म्हणणाऱ्यावर बायका अब्रूनुकसानीचा दावा लावायच्या आणि जिंकायच्याही. शेजारच्या कनेक्टिकटमध्ये १६४७ ते १६६३ या काळात ११ जणांना फाशी झाली, आणि नंतर तिथल्या गव्हर्नरने पुराव्याची अट कडक केल्यावर फाशा थांबल्या. तोही प्युरिटनच.

तेव्हा नुसता धर्म हे उत्तर पुरत नाही. १६९२ मध्ये आणखी काय जमून आलं ते बघावं लागतं.

---

राजगिरा

गोदाकाठ, तुमचा राग रास्त आहे, पण मी पडवीतल्यांच्या बाजूने थोडी भर घालते.

एक म्हणजे युद्ध. जानेवारी १६९२ मध्येच उत्तरेला मेनमधल्या यॉर्क गावावर अबेनाकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या योद्ध्यांनी हल्ला केला. माणसं मारली, कित्येकांना धरून नेलं. तिकडून परागंदा झालेली कुटुंबं सेलमच्या आसपास येऊन राहिली होती. आरोप करणाऱ्या मुलींमधली मर्सी लुइस ही अशीच अनाथ, आईबाप त्या सरहद्दीवर गमावलेली, आता पटनम कुटुंबात मोलकरीण. तिने ज्याच्यावर आरोप केला तो जॉर्ज बरोज हा मेनमधला पाद्री, ती पूर्वी त्याच्याच घरी कामाला होती. साक्षींमध्ये सैतान 'काळा माणूस' किंवा 'इंडियन'सारखा (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशासारखा) दिसतो असं येतं, ते उगाच नाही.

दुसरं म्हणजे बायका कुठल्या? आधी गुलाम, भिकारीण, वादग्रस्त. नंतर इस्टेटीवाल्या. न्यू इंग्लंडमधल्या (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींतल्या) आरोपी बायकांमध्ये भाऊ किंवा मुलगा नसल्यामुळे जमीन स्वतःच्या नावावर आलेल्या किंवा येऊ घातलेल्या बायका बऱ्याच सापडतात. वारसा सरळ पुरुषाकडून पुरुषाकडे जायचा, मध्ये ही बसली होती. शिवाय तोंडाळ. सुझॅना मार्टिनला कोर्टात विचारलं की या पोरींना काय झालंय असं तुला वाटतं, तर ती म्हणाली मला त्यावर विचार करत बसायचं नाही. हसलीही. अशी बाई कुणाला आवडणार?

आणि रिबेका नर्स! ७१ वर्षांची, कानाने अधू, आजाराने अंथरुणाला खिळलेली, चर्चमध्ये जिचा आदर्श सांगावा अशी. तिच्यासाठी ३९ शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या. अशा वेळी सही करणं म्हणजे काय हे आपण घरात बसून समजू शकत नाही. ज्यूरीने 'निर्दोष' म्हटलं. पोरींनी हंबरडा फोडला. स्टॉटनने ज्यूरीला सुचवलं की तिचं ते एक वाक्य तुम्ही लक्षात घेतलंत का? कबुली दिलेली एक बाई साक्षीला आणली तेव्हा रिबेका म्हणाली होती, 'ही कशी? ही तर आमच्यातली.' तिला म्हणायचं होतं, आमच्याबरोबर कोठडीत असलेली. ज्यूरीने तिला अर्थ विचारला, तिला ऐकूच गेलं नाही, ती गप्प राहिली. निकाल फिरला. १९ जुलैला फाशी.

---

चष्मेवाली

रिबेकाची बहीण सारा क्लॉइस. रिबेकाला पकडल्यावर पॅरिसने प्रवचनाला ओवी निवडली, 'मी तुम्हां बारा जणांना निवडलं ना? आणि तुमच्यातला एक सैतान आहे.' सारा उठली आणि तडक बाहेर गेली, मागे दार धाडकन आपटलं. (वाऱ्याने आपटलं असंही कुणी म्हणतं.) काही दिवसांत तिच्या नावाचं वॉरंट. ती वाचली, पण तिसरी बहीण मेरी ईस्टी गेली. ईस्टीने फाशीआधी कोर्टाला लिहिलेला अर्ज मुळातून वाचावा असा आहे. मी मरणार हे मला ठाऊक आहे, माझ्या जिवासाठी मागत नाही, पण आणखी निष्पाप रक्त सांडू नये म्हणून त्या झटके येणाऱ्या पोरींना वेगवेगळं ठेवून नीट तपासा आणि कबुली देणाऱ्यांपैकीही काहींची चौकशी करा, असा त्याचा आशय. फाशीच्या दारात उभी राहून बाई न्यायाधीशांना चौकशी कशी करायची ते शिकवतेय.

---

मीच तो

वाचतोय. एक शंका. मालमत्ता जप्त होत होती का?

---

काळा कोट

@मीच तो, शेरीफ जॉर्ज कॉर्विन, २५-२६ वर्षांचा पोरगा, त्याने धडाकाच लावला होता. जॉन प्रॉक्टर आणि त्याची गरोदर बायको तुरुंगात, खटलाही झालेला नाही, आणि याने गुरंढोरं नेली. पिंपातली बिअर ओतून पिंप नेलं. चुलीवरच्या भांड्यातला रस्सा ओतला आणि भांडं नेलं. घरात पोरं होती. समकालीन लेखनात हे आलंय.

वर तुरुंगाचा खर्च कैद्याने भरायचा, जेवणाचा आणि बेड्यांचासुद्धा. निर्दोष सुटलात तरी पैसे भरल्याशिवाय दार उघडत नाही. टिटुबा त्यापायी १६९३ पर्यंत आतच होती. पॅरिसने पैसे भरले नाहीत, शेवटी कुणीतरी तुरुंगाची बाकी चुकती करून तिला विकत घेतलं. पुढे तिचं काय झालं कुठेच नोंद नाही.

---

राजगिरा

बेड्यांवरून सारा गुडची पोर डोरोथी. चार-पाच वर्षांची. तिच्यावरही वॉरंट! मुलींना चावल्याचा आरोप. 'माझ्याकडे एक छोटा साप आहे, आईने दिलाय' असं काहीतरी ती बोलली, ती झाली कबुली. आठ-नऊ महिने साखळदंडात. तिची आई फासावर गेली, तान्हं भावंड तुरुंगात मेलं. १७१० मध्ये बापाने भरपाईसाठी अर्ज केला त्यात लिहिलंय की त्या अंधारकोठडीपासून पोरीला स्वतःला सांभाळायची शुद्ध राहिलेली नाही. कुटुंबाला ३० पौंड मिळाले.

---

गोदाकाठ

हेच म्हणतोय मी. चार वर्षांची पोर. आणि तुम्ही म्हणता फासावर जाणाऱ्यांनाही श्रद्धेचंच बळ होतं. मरणाऱ्यांना धर्माने धीर दिला म्हणून धर्माच्या खात्यात पुण्य जमा करायचं? मारलं कुणी?

---

पडवीतला

@गोदाकाठ, पुण्य जमा करत नाहीये. मारणाऱ्यांच्या खात्यातला एक पैसाही कमी होत नाही. एक उदाहरण देतो, मग तुम्हीच सांगा ते कुठल्या खात्यात घालायचं.

मार्गारेट जेकब्स, सतरा-अठरा वर्षांची. पकडली गेली. कबूल कर नाहीतर कोठडी आणि फास, कबूल केलंस तर जीव वाचेल, असं तिला सांगितलं. तिने कबूल केलं, आणि सख्खा आजा जॉर्ज जेकब्स आणि तो पाद्री बरोज यांची नावं घेतली. मग तिला रात्र रात्र झोप येईना. तिने कोर्टात जाऊन सांगितलं की सगळं खोटं होतं. कोर्टाने ऐकलं नाही, उलट तिलाच खटल्यासाठी कोठडीत टाकलं. फाशीच्या आदल्या दिवशी तिने बरोजची माफी मागितली. त्याने ती दिली आणि तिच्याबरोबर प्रार्थना केली. १९ ऑगस्टला आजा आणि बरोज दोघेही गेले. दुसऱ्या दिवशी पोरीने कोठडीतून बापाला पत्र लिहिलं, त्यात मरणाची भीती आहे पण मन हलकं झालंय. तिच्या खटल्याच्या वेळी ती आजारी पडली म्हणून लांबलं आणि त्यामुळे वाचली. आता, तिची झोप कुणी उडवली? तिला नरकाची भीती ज्यांनी घातली त्यांनीच. ते प्रवचन आणि ते कोर्ट वेगळी माणसं चालवत नव्हती.

बरोजचं पण ऐका. चेटक्याला प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हणता येत नाही असा पक्का समज. फासाच्या शिडीवर उभं राहून त्याने ती स्पष्ट, एकही चूक न करता म्हटली. गर्दी हलली, लोक रडायला लागले, फाशी थांबते की काय अशी वेळ आली. तेव्हा घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅदरने, म्हणजे बोस्टनच्या त्या मोठ्या विद्वान पाद्र्याने, लोकांना समजावलं की सैतान पुष्कळदा प्रकाशाच्या दूताचं रूप घेतो. झालं. प्रार्थना अडखळली असती तर चेटक्या, अडखळली नाही तर सैतानाची करामत.

---

गोदाकाठ

हम्म. मॅदरवर माझा राग कायम. मार्गारेटबद्दल माहीत नव्हतं.

---

वांगी भरीत

मग थांबलं कसं? कुणाला अक्कल आली?

---

काळा कोट

अक्कल काही जणांना होतीच. बेंचवरचा नॅथॅनियल सॉल्टनस्टॉल पहिल्या फाशीच्या सुमारासच राजीनामा देऊन बाहेर पडला. पण खरा कलाटणीचा महिना ऑक्टोबर. तोवर आरोप अँडोव्हर गावात पसरले होते, तिथे चाळीसच्या वर लोक अडकले. नावं वरवर सरकत मोठ्या घरांत पोचली. खुद्द गव्हर्नरच्या बायकोचं नाव कुजबुजलं जाऊ लागलं. बोस्टनचा व्यापारी आणि गणिती थॉमस ब्रॅटल याने एका पत्रात धुलाई केली. पोरी डोळे मिटून छाया बघतात म्हणे, मग ते बघणं कसलं, ती कल्पना झाली, असा त्याचा सूर. आणि कॉटनचा बाप इन्क्रीज मॅदर याने लिहिलं की एका निष्पापाला दोषी ठरवण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. २९ ऑक्टोबरला फिप्सने ते विशेष कोर्ट मोडीत काढलं. जानेवारी १६९३ मध्ये नवं कोर्ट बसलं, न्यायाधीश बरेचसे तेच, स्टॉटनच मुख्य! फक्त छायेचा पुरावा बाद. तेवढ्याने जवळजवळ सगळे सुटले. तीन जण दोषी ठरले, त्यांना फिप्सने वाचवलं, तर स्टॉटन रागावून कोर्टातून उठून गेला.

तीच माणसं, तोच धर्म, तोच कायदा. पुराव्याचा एक नियम बदलला.

---

चष्मेवाली

माफी मागितली ती सॅम्युअल सीवॉल या न्यायाधीशाने. १६९७ च्या जानेवारीत वसाहतीने उपासाचा दिवस पाळला, तेव्हा बोस्टनच्या चर्चमध्ये त्याची चिठ्ठी पाद्र्याने वाचून दाखवली आणि तो भर मंडळींत उभा राहिला. बारा ज्यूरींनीही माफीपत्र काढलं. पोरींपैकी फक्त अॅन पटनम, १७०६ मध्ये. तिने दोष सैतानाच्या भुलीला दिला. स्टॉटनने कधीच नाही. १७११ मध्ये ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई वाटली.

आता एक अवांतर, पण आपल्या कामाचं. सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना परदेशी मिशनसाठी दीक्षा मिळाली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. हॉल इथेच १८२६ मध्ये कॉलऱ्याने गेला. पुढे याच मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' काढलं, ज्याचं संपादन नंतर रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही केलं. ही मंडळी काँग्रिगेशनल, म्हणजे सरळ त्या प्युरिटनांच्याच वंशावळीतली. मुलींच्या शाळा, छापखाना, सगळं 'वाचता आलंच पाहिजे' या हट्टातून आलेलं.

---

मीच तो

बापरे, ज्ञानोदयचा हा धागा डोक्यातच नव्हता. यावर वेगळा लेख येऊ द्या ताई.

बाकी आपल्याकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार आहेतच की. त्याची आठवण आली.

---

काळा कोट

@मीच तो, तुलना जपून. तिथे गाव किंवा भगत ठरवतो, आणि २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा डाकीण म्हणणाऱ्याला आत टाकतो. सेलममध्ये वॉरंट, ज्यूरी, शिक्का, सगळं सरकारी होतं.

---

शिंपला

उशिरा आलो, धागा संपवूनच लिहितोय. बोस्टनपासून अर्ध्या तासावर राहतो. कुणी येणार असेल तर थोडी माहिती :

ऑक्टोबरात सेलमला जाऊ नका. पार्किंग मिळत नाही, रस्ताभर टोकदार टोप्या आणि भोपळे. तिथल्या पोलिसांच्या गाड्यांवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण आहे. 'विच हाउस' नावाचं काळं घर आहे, ते कुठल्या आरोपीचं नाही, न्यायाधीश जोनाथन कॉर्विनचं आहे. स्मारक १९९२ चं, जुन्या स्मशानाला लागून, भिंतीतून बाहेर आलेले दगडी बाक, प्रत्येकावर एक नाव आणि तारीख. फाशीची नेमकी जागा, प्रॉक्टर्स लेज, २०१६ मध्ये नक्की झाली. डोंगरमाथ्यावर नाही, पायथ्याशी, आणि शेजारी औषधाचं दुकान आहे.

पण खरं बघायचं ते डॅन्व्हर्सला. तिथे गर्दी नाही. रिबेका नर्सचं घर आणि शेत आहे, आणि पॅरिसच्या घराचा पाया उकरून काढलेला आहे, लोकांच्या परसांच्या मागे. गाडी लावून थोडं चालत जावं लागतं.

---

वांगी भरीत

@शिंपला, मे महिन्यात येतोय, पुतणीचं कॉन्व्होकेशन. नर्सचं घर मेमध्ये उघडं असतं का?

---

शिंपला

@वांगी भरीत, वेळा दर वर्षी बदलतात, निघायच्या आधी बघून घ्या. बाहेरून शेत आणि घरचं स्मशान बघता येतं. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी घेऊन जातो. येताना भाकरवडी चालेल.